सीट एकाची, आधार पाठीचा

मोटारसायकलचा इतिहास बहुधा इंजिनाच्या अंगाने सांगितला जातो. मला तो सीटच्या अंगाने सांगावासा वाटतो. लांबच्या प्रवासात इंजिनाच्या आधी थकते ती चालवणाऱ्याची कंबर.

१८८५ मध्ये जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारी लाकडी दुचाकी बनवली. तिची सीट चामड्याची, खोगिरासारखी, आणि थेट इंजिनाच्या वर. डाइमलर यांच्या मुलाने गाडी चालवली तेव्हा खालच्या उष्णतेने सीटने पेट घेतला, अशी हकिकत सांगतात.

पुढे सायकलच्या धर्तीची सीट आली. मागच्या चाकाला शॉक-अ‍ॅब्सॉर्बर नसल्याने खड्ड्याचा दणका सरळ मणक्यात जाई. त्यावर तोड म्हणून स्प्रिंग सीटलाच दिली गेली. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने १९१२ मध्ये सीटखालच्या उभ्या नळीतच स्प्रिंग बसवली. सीट पुढच्या टोकाला बिजागरीवर अडकवलेली असे आणि स्वारासकट वरखाली होई. अशा सीटमागे गाडीच्या सांगाड्याला बॅकरेस्ट ठोकली, तर पाठ हलणार, बॅकरेस्ट जागीच राहणार आणि पाठ सोलवटणार!

मागच्या चाकाला शॉक-अ‍ॅब्सॉर्बर मिळाले आणि चित्र पालटले. इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डने १९४९ च्या बुलेटला ते दिले, हार्लेने आपल्या मोठ्या गाडीला १९५८ मध्ये. आता सीट सांगाड्यावर पक्की बसवता येऊ लागली. लांब, सपाट, दोघांची सीट रूढ झाली. पण जुन्या सीटचा वाटीसारखा खोलगटपणा गेला आणि एकट्याने दूरवर जाणाऱ्याच्या कंबरेमागे काही उरले नाही. एकट्याची सीट आणि तिला जोडलेली बॅकरेस्ट ही गरज तिथली.

निवड करताना हा इतिहास उपयोगी पडतो. सीट स्प्रिंगवर हलणारी असेल तर बॅकरेस्ट सीटच्याच तळपट्टीला जोडलेली हवी, म्हणजे दोन्ही एकत्र हलतील. आपण मागे रेलतो तेव्हा बॅकरेस्टचा दांडा तरफेसारखा काम करतो आणि सगळा जोर त्याच्या मुळाशी येतो. म्हणून ते मूळ पत्र्याच्या किंवा फायबरच्या भक्कम तळात बसलेले हवे. नुसत्या फोमात रोवलेला दांडा लवकरच डुगडुगतो. दांड्याची जागा सीटच्या तळातच केलेली असेल, असा जोड घ्यावा.

आधार कंबरेच्या खोलगट भागाला मिळावा. बॅकरेस्ट पुढे ढकलत असेल, तर मनगटांवर भार येतो. फार मागे असेल, तर हँडल गाठायला वाकावे लागते आणि आधार सुटतो. पाय जमिनीला नीट टेकतात ना, हेही बसून पाहावे.

एक गोष्ट विसरू नये. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार मागे माणूस बसवायचा, तर चालकामागे पक्की बसवलेली योग्य सीट लागते. एकट्याची सीट लावली, की घरच्या माणसाला मागे घेता येणार नाही. पैसे मोजण्यापूर्वी घरी विचारलेले बरे.