झाक्सेनरिंग : एका रस्त्याचा आणि एका पुंगळीचा इतिहास

होहेनश्टाइन-एर्न्स्टथाल हे पूर्व जर्मनीतलं, म्हणजे आताच्या सॅक्सनी राज्यातलं छोटं गाव आहे. कामासाठी काही महिने केम्निट्समध्ये होतो, तेव्हा एका रविवारी लोकल गाडीने तिथे गेलो. मोटारसायकलच्या शर्यती बघणाऱ्यांना झाक्सेनरिंग हे नाव माहीत असतं, पण ते १९९६ साली बांधलेल्या नव्या ट्रॅकमुळे. मला बघायचा होता जुना. तो म्हणजे वेगळा ट्रॅक नव्हताच. गावातले आणि गावाबाहेरचे नेहमीचे रस्ते जोडून केलेली ती सुमारे ८.७ किलोमीटरची फेरी होती. जमेल तेवढी चाललो. घरं, झाडं, चढ, उतार, थांब्यावर बसची वाट बघणारी एक आजी. इथून एकेकाळी ताशी दोनशेच्या आसपास वेगाने गाड्या जात, आणि दुतर्फा लाखोंची गर्दी असे.

पहिली शर्यत १९२७ची. १९३७ साली या फेरीला झाक्सेनरिंग हे नाव मिळालं, आणि त्याच वर्षी स्कॉटलंडचा जिमी गथ्री जर्मन ग्रां प्रीच्या शेवटच्या फेरीत, आघाडीवर असताना, इथे पडून गेला. रस्त्याकडेला त्याचं स्मारक आहे. पुढे युद्ध झालं, देश दुभंगला आणि हे गाव पोलादी पडद्याच्या पूर्वेला राहिलं.

तिथून थोड्या अंतरावर चोपाउ नावाच्या गावात एमझेड हा मोटारसायकलचा सरकारी कारखाना होता. त्याच्या शर्यत विभागाचा प्रमुख होता वाल्टर काडेन. पैसा कमी, चांगल्या धातूची टंचाई, आणि समोर इटालियन व जपानी कंपन्या. काडेनने टू-स्ट्रोक इंजिनाच्या जुन्या दुखण्याला हात घातला. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला धूर बाहेर जात असतानाच ताजं मिश्रण आत येतं, आणि त्यातलं थोडं धुराबरोबर वाया जातं. काडेनने धुराच्या नळीला विशिष्ट मापाचा फुगीर आकार दिला. आधी रुंद होत जाणारी आणि मग पुन्हा निमुळती होणारी पुंगळी. धुराच्या दाबाची लाट तिच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि निसटू पाहणारं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. यात हलणारा एकही भाग नाही, नुसता पत्रा आणि गणित. कल्पना त्याच्या आधीही लोकांना सुचली होती, पण इतक्या चिकाटीने मोजमाप करून ती कुणी वठवली नव्हती. १९६१पर्यंत त्याचं १२५ सीसीचं इंजिन लीटरमागे २०० हॉर्सपॉवरच्या हिशोबाने ताकद देऊ लागलं.

त्या वर्षी ३० जुलैला झाक्सेनरिंगवर पूर्व जर्मन ग्रां प्री झाली. १२५ सीसी गटात घरचाच एर्न्स्ट डेगनर घरच्याच एमझेडवर जिंकला. दोनच आठवड्यांनी, १३ ऑगस्टला, बर्लिनमध्ये भिंत उभी राहू लागली.

डेगनर नुसता स्वार नव्हता, इंजिनिअरही होता. काडेनच्या शेजारी उभं राहून तो शिकला होता. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या शर्यतीला गेला आणि परतला नाही. त्याच सुमारास त्याची बायको-मुलं गाडीच्या डिकीत लपून पश्चिमेला पोचली. जगज्जेतेपद त्याच्या हाताशी होतं, ते होंडाच्या टॉम फिलिसकडे गेलं. डेगनर सुझुकीत दाखल झाला आणि १९६२ साली ५० सीसी गटात त्याने सुझुकीला पहिलं विश्वविजेतेपद मिळवून दिलं. काडेन चोपाउमध्येच राहिला. एमझेडला विश्वविजेतेपद कधीच मिळालं नाही.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पूर्णपणे डेगनरच्या बाजूने होतो. भिंतीआडून माणूस सुटला, यात चूक काय? आमच्या घरी बाबांची सुझुकी सामुराई होती, टू-स्ट्रोक. तिच्या टाकीवर बसून मी शाळेत गेलो आहे. त्या पुंगळीची विद्या त्या एका माणसाबरोबर जपानला गेली, ही कल्पनाच मला रोमांचक वाटली होती.

पण त्या चढावर चालताना मला पुण्यातल्या पहिल्या नोकरीतला आमचा सीनियर आठवला. सर्व्हरवर एकदम भार आला की निसटणाऱ्या विनंत्या परत रांगेत कशा लावायच्या, याची एक सुंदर पद्धत त्याने बसवली होती आणि मला समोर बसवून शिकवली होती. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत मी ती माझी म्हणून सांगितली. नोकरी मिळाली. माझ्यामागे ना भिंत होती, ना डिकीत लपलेली माणसं. होता तो फक्त पगारातला फरक.

या रस्त्याची पुढची गोष्टही अशीच, काही अडवू पाहणाऱ्यांची आणि न अडणाऱ्या गोष्टींची. १९६९ साली सरावात बिल आयव्ही गेला. त्याच्याकडे जावा होती, तिचं इंजिन अचानक जाम झालं. १९७१ साली २५० सीसीची शर्यत पश्चिम जर्मनीचा डीटर ब्राउन जिंकला. प्रथेप्रमाणे विजेत्याच्या देशाचं राष्ट्रगीत वाजलं, म्हणजे पश्चिमेचं, आणि पूर्वेच्या गर्दीने ते साथीने म्हटलं. इतक्या गळ्यांना पोलीस पुरे पडणार कसे? १९७२नंतर झाक्सेनरिंग जागतिक मालिकेतून गेलं. शर्यती होत राहिल्या, पण बहुतांश आपल्याच गोटातल्या देशांपुरत्या.

भिंत पडली आणि पश्चिमेच्या वेगवान गाड्या पुन्हा इथे आल्या. रस्ता मात्र तोच होता, घरं आणि झाडं कडेला असलेला. १९९०च्या शर्यतीत जीवघेणे अपघात झाले आणि जुनी फेरी बंद पडली. ज्या मोकळेपणाची इतकी वर्षं वाट पाहिली, तो आल्यावर रस्ता एक मोसमही टिकला नाही. १९९८पासून ग्रां प्री परत आली ती शेजारच्या नव्या ट्रॅकवर.

जपानमधल्या सुझुका ट्रॅकवर एका वळणाला डेगनरचं नाव आहे, तो तिथे पडला होता म्हणून. काडेनची पुंगळी मात्र पुढे शर्यतीतल्या जवळपास प्रत्येक टू-स्ट्रोकला लागली आणि तिच्यावर त्याचं नाव नव्हतं. मी डेगनरला आजही दोष देत नाही. फक्त त्याच्या गोष्टीत मी स्वतःला जिथे बसवलं होतं, ती जागा माझी नव्हती.

परतीच्या गाडीत सीनियरला मेसेज लिहिला. मुलाखतीचं सगळं सांगितलं, दोनदा खोडून. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं :

“अरे, ती पद्धत आम्ही कधीच बदलली. जुनीत एक घोळ होता. तुमच्याकडे अजून तीच चालू आहे का? फोन कर, सांगतो.”