लाखेची मोहोर आणि कागदाचे पाकीट

विषप्रयोगाच्या खटल्यात मृताचा व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात, काचेच्या बरणीत बंद करून, वर लाखेची मोहोर उठवून रासायनिक विश्लेषकाकडे पाठवण्याची रीत जुनी आहे. त्या पुराव्याला हवाबंद बरणीच योग्य होती.

१९८४ मध्ये लेस्टर येथे अलेक जेफ्रीज यांनी डीएनए ठशाचे तंत्र शोधले. हैदराबादच्या सीसीएमबीत लालजी सिंग यांनी ते भारतात रुजवले. या नव्या पुराव्याला मात्र कोंडणे मारक ठरते. रक्ताळलेले ओले कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिले, की जिवाणू आणि बुरशी डीएनए कुजवतात. श्रावणात नाचणगावात गाठोड्यात राहिलेल्या ओल्या लुगड्याला कुबट वास येतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून कापड सावलीत, स्वच्छ कागदावर, पंख्याचा झोत न लावता वाळवायचे. प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात, दरवेळी नवे हातमोजे घालून ठेवायची. मोहोर माणसाचा हात अडवते, ओल अडवत नाही.

ठाणे जिल्ह्यात २०१० मध्ये सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. आरोपीची फाशी उच्च न्यायालयाने कायम केली. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. तपासातील इतर उणिवांबरोबर नमुने पाठवण्यातील विलंबाचा खुलासा नव्हता. ते दूषित झाल्याची शक्यता नाकारता येत नव्हती. मुलीला न्याय मिळाला नाही, आणि एक माणूस अनेक वर्षे फाशीच्या छायेत राहिला.

२०२५ मध्ये त्याच न्यायालयाने नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवण्याचा दंडक घातला. पण ओले कोंडलेले कापड तेवढ्या वेळातही कुजू लागते. सावली आणि कागदाची सोय तालुक्याच्या ठाण्यातच हवी.