खानदेशातील लहान संग्रहालये आणि अनुदानलेखन : वर्गणीपासून प्रकल्प-प्रस्तावापर्यंत

गोषवारा

धुळे व जळगाव या जिल्ह्यांतील ऐतिहासिक संग्रह व्यक्तींच्या श्रमातून आणि स्थानिक दात्यांच्या वर्गणीतून उभे राहिले. स्वातंत्र्योत्तर काळात या आश्रयाची जागा हळूहळू शासकीय अनुदानाने आणि २०१४ नंतर काही प्रमाणात उद्योगसमूहांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीने घेतली. या बदलाबरोबर मागणीचे स्वरूपही बदलले. पूर्वी विनंतीपत्र पुरेसे होते, आज सविस्तर प्रकल्प अहवाल लागतो. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा ऐतिहासिक आढावा घेऊन, अल्प निधी व अपुरे मनुष्यबळ असलेल्या संग्रहालयांना प्रस्तावलेखनाचे व्यावसायिक साहाय्य कोणत्या स्वरूपात उपयुक्त ठरेल याची चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : खानदेश, संग्रहालय, राजवाडे संशोधन मंडळ, आश्रय, अनुदान, प्रस्तावलेखन.

प्रस्तावना

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे विभाजन झाले. पुढे हेच दोन भाग जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तापी, गिरणा व पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश पुरातत्त्वीयदृष्ट्या समृद्ध आहे. बहाळ आणि प्रकाशे येथील उत्खननांनी येथील ताम्रपाषाणकालीन वसाहती उजेडात आणल्या. मध्ययुगीन कागदपत्रे, पोथ्या, नाणी व शिल्पे यांचीही या प्रदेशात विपुलता आहे. मात्र ही सामग्री सांभाळणाऱ्या संस्था आकाराने लहान असतात. त्यांचा कारभार बहुधा मानद कार्यवाह, एखादा लिपिक आणि एखादा शिपाई यांच्या बळावर चालतो. अशा संस्थांच्या अडचणींचा विचार होतो तेव्हा निधीच्या टंचाईचा उल्लेख हमखास येतो. परंतु उपलब्ध निधी मागण्याची क्षमता संस्थेजवळ आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

उद्दिष्टे

१. खानदेशातील संग्रहसंस्थांना मिळालेल्या आश्रयाच्या बदलत्या स्वरूपाचा आढावा घेणे.
२. अनुदानाच्या आधुनिक पद्धतीत प्रस्तावलेखनाला आलेले महत्त्व स्पष्ट करणे.
३. लहान संग्रहालयांना परवडेल अशा साहाय्याची दिशा सुचविणे.

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. वर्गणी आणि विश्वास

धुळे येथे संग्रहाची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली दिसते. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभेची स्थापना केली. समर्थ संप्रदायाच्या मठामठांतून हस्तलिखिते मिळवणे, त्यांच्या नकला करणे आणि ती प्रसिद्ध करणे हे काम त्यांनी आयुष्यभर केले. डोमगाव मठातील प्रतीवरून १९०५ मध्ये त्यांनी दासबोध प्रसिद्ध केला. याच कार्यातून पुढे धुळ्याचे समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे कार्य याला समांतर होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे तिचे एकूण बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. तथापि पुढे मतभेदांमुळे ते पुण्यापासून दुरावले आणि आयुष्याच्या अखेरच्या काळात धुळ्यात राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. त्यांनी जमवलेली कागदपत्रे सुरक्षित राहावीत आणि संशोधन पुढे चालावे, या हेतूने १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. भास्कर वामन भट यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ते नावारूपाला आणले. मंडळाचे ‘संशोधक’ हे नियतकालिक, त्याचे वस्तुसंग्रहालय आणि मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेले राजवाड्यांचे समग्र साहित्य ही त्या कार्याची फळे होत.

या काळातील निधिसंकलनाची काही वैशिष्ट्ये लक्षात घेण्याजोगी आहेत. मागणारा आणि देणारा एकमेकांना ओळखत असत. वकील, व्यापारी, गिरणीमालक, इनामदार यांच्याकडे संस्थाचालक स्वतः जात. मागणीचा मुख्य आधार मागणाऱ्याचे चारित्र्य हा असे. अमळनेर येथे प्रतापशेठ यांच्या औदार्यातून उभे राहिलेले तत्त्वज्ञान मंदिर हे याच आश्रयपद्धतीचे पूर्व खानदेशातील ठळक उदाहरण होय. या व्यवस्थेत लेखन नव्हते असे नाही. विनंतीपत्रे, देणगीदारांच्या याद्या, ताळेबंद हे सर्व होते. परंतु ते लेखन परिचयाला पूरक होते. अपरिचित वाचकाला केवळ कागदावरून पटवून देण्याची जबाबदारी त्यावर नव्हती. या पद्धतीची मर्यादा उघड आहे. ज्या व्यक्तीवर विश्वास होता ती गेली की आश्रयही आटत असे.

२. शासन आश्रयदाता होते तेव्हा

संग्रहालयांच्या आर्थिक स्थितीचा देशपातळीवरील पहिला व्यापक आढावा एस. एफ. मार्कहॅम आणि एच. हारग्रीव्ह्ज यांनी १९३६ च्या आपल्या अहवालात घेतला. त्यांनी भारतातील १०५ संग्रहालयांची नोंद केली. अपुरा निधी व प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचा अभाव हे त्यांच्या विवेचनातील ठळक मुद्दे होते. हे सर्वेक्षणही अमेरिकेतील कार्नेगी कॉर्पोरेशनच्या अनुदानावर झाले होते, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सूचक आहे.

१९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमामुळे संस्थांचे हिशेब व लेखापरीक्षण धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत आले. खाजगी संग्रहाने शासनाचा आधार घेण्याचा एक मार्ग दिनकर गंगाधर केळकर यांनी दाखवला. त्यांनी पुण्यातील आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. परंतु संस्थेचे स्वायत्त रूप टिकवू इच्छिणाऱ्यांना हा मार्ग सोयीचा नव्हता. त्यांच्यासाठी विशिष्ट कामापुरते अनुदान हाच पर्याय उरला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाने ग्रंथालयांसाठी आणि २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने हस्तलिखितांसाठी साहाय्याचा मार्ग उपलब्ध करून दिला.

येथे आश्रयाचे स्वरूप मूलतः बदलले. संस्थेला ‘संस्था’ म्हणून पैसा मिळण्याऐवजी ‘कामासाठी’ पैसा मिळू लागला. सूचीकरण, छायाचित्रण, रासायनिक प्रक्रिया, दालनाची उभारणी अशी कामे प्रकल्प ठरली. परंतु दिवाबत्ती, साफसफाई, वाळवीचा बंदोबस्त आणि नोंदवही लिहिणारा माणूस हे नित्य खर्च बहुतांशी प्रकल्पाबाहेर राहिले. लहान संग्रहालयाला सर्वाधिक गरज नेमकी याच खर्चाची असते.

३. प्रस्तावाचे युग

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना, २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेले ज्ञानभारतम् मिशन हे या क्षेत्रातील अलीकडील महत्त्वाचे टप्पे आहेत. कलम १३५ नुसार विहित मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांच्या संरक्षणाचा स्पष्ट समावेश आहे. ज्ञानभारतम् मिशनने एक कोटींहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, दस्तऐवजीकरण व जतन हे लक्ष्य ठेवले आणि त्यात शैक्षणिक संस्था, संग्रहालये, ग्रंथालये व खाजगी संग्राहक यांचा सहभाग अपेक्षिला.

म्हणजे दारे पूर्वीपेक्षा अधिक आहेत. पण प्रत्येक दाराशी कागदपत्रांची वेगळी यादी आहे. नोंदणीपत्र, लेखापरीक्षित हिशेब, एनजीओ दर्पण संकेतस्थळावरील नोंदणी, प्राप्तिकर कायद्याखालील प्रमाणपत्रे, कंपनी निधीसाठी २०२१ पासून आवश्यक झालेली सीएसआर-१ नोंदणी, सविस्तर प्रकल्प अहवाल, अंदाजपत्रक, संस्थेच्या स्वतःच्या हिश्श्याची तरतूद आणि काम संपल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र. यातील एक कागद राहिला तरी प्रस्ताव मागे पडतो. मंजूर रक्कम मुदतीत व ठरल्या बाबींवर खर्च झाली नाही तर ती परत करावी लागते आणि पुढील मागणीवरही त्याचा परिणाम होतो.

सर्वांत कळीचा कागद मात्र या यादीत ठळकपणे दिसत नाही. तो म्हणजे दाखल-नोंदवही. संग्रहात किती वस्तू आहेत, त्या कोठून आल्या, त्यांची आजची स्थिती काय, यांची उत्तरे नसतील तर किती पोथ्यांवर प्रक्रिया करायची आणि किती खर्च येईल हे सांगताच येत नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालाने राष्ट्रीय पातळीवरील संस्थांतही पुरावस्तूंच्या परिपूर्ण नोंदींचा अभाव दाखवून दिला. जेथे शासकीय कर्मचारीवर्ग आहे तेथे ही स्थिती असेल, तर मानद कार्यवाहांच्या भरवशावरील संग्रहालयांची अडचण सहज समजू शकते. यातून एक दुष्टचक्र तयार होते : नोंदी नाहीत म्हणून प्रस्ताव नाही, प्रस्ताव नाही म्हणून निधी नाही आणि निधी नाही म्हणून नोंदी करणारा माणूस नाही.

४. जळगावचे वेगळे उदाहरण

जळगाव येथील जैन हिल्सवरील गांधी तीर्थ हे संग्रहालय २५ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खुले झाले. गांधी रिसर्च फाउंडेशनच्या या उपक्रमामागे उद्योजक भवरलाल जैन यांची प्रेरणा व पाठबळ होते. आधुनिक दालने, अभिलेखागार आणि कागदपत्रांचे संगणकीय जतन यांची सांगड येथे घातलेली आहे. प्रतापशेठांच्या परंपरेतील आश्रयाला आधुनिक व्यवस्थापनाची जोड मिळाली की काय घडू शकते, याचे हे उदाहरण होय. परंतु प्रत्येक तालुक्याला असा दाता मिळत नाही. म्हणून गांधी तीर्थाशी लहान संस्थांची तुलना करणे अन्यायाचे ठरेल. नियोजन, नोंद आणि जतन ही कामे संग्रहाइतकीच महत्त्वाची मानली गेली, एवढा धडा मात्र त्यांनी घेण्यासारखा आहे.

५. व्यावसायिक साहाय्य : शक्यता व मर्यादा

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न आधी उद्भवला. इंग्लंडमध्ये १९५९ पासून प्रादेशिक संग्रहालय परिषदा लहान संग्रहालयांना सामायिक तज्ज्ञसेवा पुरवू लागल्या. अमेरिकेत १९८१ मध्ये सुरू झालेल्या संग्रहालय मूल्यांकन कार्यक्रमात संस्था प्रथम स्वतःचे परीक्षण करते, नंतर बाहेरील अनुभवी सहकारी तिला भेट देतो आणि त्याचा अहवाल पुढील नियोजनाला पायाभूत ठरतो. तेथे अनुदानलेखन हा स्वतंत्र व्यवसाय झाला असून, व्यावसायिकाने मंजूर रकमेवर टक्केवारी घेऊ नये, कामाचा ठराविक मोबदला घ्यावा, असा दंडक त्याच्या आचारसंहितेत आहे. हा दंडक आपल्याकडेही पाळला जाणे अगत्याचे आहे. टक्केवारीवर काम करणारा मध्यस्थ संस्थेची गरज पाहण्यापेक्षा मोठ्या रकमेचा प्रस्ताव पाहील. पोथ्यांना आम्लविरहित वेष्टने हवी असताना दालनात रोषणाई होईल, हा धोका काल्पनिक नाही.

खानदेशात असे साहाय्य कोठून मिळेल? याचे उत्तर महाविद्यालयांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघु संशोधन प्रकल्पांच्या काळापासून प्राध्यापकवर्ग उद्दिष्टे, कार्यपद्धती, कालमर्यादा व अंदाजपत्रक या चौकटीत लिहीत आला आहे. नॅकच्या स्व-अध्ययन अहवालांनी पुराव्यानिशी मांडणी करण्याची सवय लावली. वाणिज्य विभागाला हिशेबाची, संगणक विभागाला अंकीकरणाची, रसायनशास्त्र विभागाला कागद व धातूच्या ऱ्हासाची, तर इतिहास व मराठी विभागांना मोडी व पोथीची जाण असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात आलेला ऑन जॉब ट्रेनिंगचा घटक विद्यार्थ्यांना संग्रहालयाच्या नोंदवहीपर्यंत नेऊ शकतो. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात जळगाव, धुळे व नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येत असल्याने अशा सहकार्याला एक समान चौकट आधीच उपलब्ध आहे.

या दृष्टीने पुढील क्रम विचारार्ह वाटतो.

१. पहिल्या वर्षी कोणत्याही अनुदानासाठी अर्ज न करता दाखल-नोंदवही पूर्ण करावी व प्रत्येक वस्तूचे साधे छायाचित्र घ्यावे.
२. कायदेशीर व आर्थिक कागदपत्रांची एक कायम संचिका ठेवावी व ती दरवर्षी अद्ययावत करावी.
३. अनेक लहान संस्थांनी मिळून एक प्रशिक्षित प्रस्तावलेखक ठराविक मानधनावर नेमावा.
४. पहिला प्रस्ताव लहान रकमेचा असावा. तो वेळेत पूर्ण करून उपयोगिता प्रमाणपत्र सादर करणे हीच पुढील प्रस्तावाची शिफारस ठरते.
५. प्राधान्यक्रम संस्थेने ठरवावा. लेखकाने तो केवळ मांडावा.

यावर एक आक्षेप संभवतो. महाविद्यालयीन अध्यापकांवर अशैक्षणिक कामांचा भार आधीच आहे. त्यात ही भर कशासाठी? हा आक्षेप गैरलागू नाही. म्हणूनच हे काम सेवाभावावर सोडून चालणार नाही. त्याला संशोधन व विस्तारकार्य म्हणून रीतसर मान्यता आणि प्रस्तावाच्या अंदाजपत्रकाबाहेरून मोबदला मिळाला पाहिजे. सेवाभावावर उभ्या राहिलेल्या संस्था माणूस थकला की थांबतात, हा या प्रदेशाचाच इतिहास आहे.

निष्कर्ष

खानदेशातील संग्रहांचा इतिहास पाहता असे दिसते की, मागणीची लेखणी ही संस्थेच्या कार्याबाहेरची बाब कधीच नव्हती. देवांच्या व राजवाड्यांच्या पिढीत तिचे बळ व्यक्तीच्या विश्वासार्हतेत होते. आज ते नोंदीच्या विश्वासार्हतेत आहे. त्यामुळे व्यावसायिक साहाय्य म्हणजे आकर्षक भाषेत अर्ज लिहून देणे नव्हे. त्याची सुरुवात कोठीतील कपाटापासून व्हावयास हवी. जी पोथी नोंदवहीत नाही ती प्रस्तावात येत नाही. जी प्रस्तावात येत नाही तिच्यावर प्रक्रिया होत नाही. आणि कागद कोणाच्या मंजुरीची वाट पाहत थांबत नाही. धुळे-जळगावच्या महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील एकेका संग्रहाची नोंदवही पूर्ण करण्याची जबाबदारी घेतली, तर पुढील संशोधकांना साधने उरतील आणि अनुदानाचा मार्गही त्यातूनच मोकळा होईल.