वाणी, श्रवण आणि ध्वनिक्षेपक

देवाची वाणी मनुष्याच्या अंतःकरणांत प्रवेश करते ती बहुधा कर्णद्वारें. संत पौलानें रोमकरांस धाडलेल्या पत्रांत श्रद्धेचा संबंध श्रवणाशीं जोडला आहे, तो याचमुळें. मंदिराची पायाभरणी कशी झाली, भिंती कोणाच्या श्रमानें उभ्या राहिल्या, हा वृत्तांत महोत्सवी स्मरणिकेंत सदैव येतो आणि तो यावयासच हवा. प्रस्तुत लेखांत मात्र, ज्याकडे आपलें लक्ष तें बिघडल्यावांचून जात नाहीं, अशा एका साधनाचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. तें साधन म्हणजे ध्वनिक्षेपक, ज्यास आपण व्यवहारांत लाऊडस्पीकर म्हणतों.

हें यंत्र नव्हतें, तेव्हां मोठ्या मंदिरांत उपदेशकाचा शब्द शेवटल्या रांगेपर्यंत कसा पोंचत असे? वसईच्या व गोमंतकाच्या जुन्या देवळांत गेल्यास प्रवचनपीठ बाजूच्या भिंतीवर, लोकांच्या जवळ, उंच बसविलेलें आढळतें, व त्यावर लांकडी छत्र दिसतें. तें छत्र केवळ शोभेसाठीं नव्हे. वर आढ्याकडे जाऊन विरणारा आवाज तें खालीं श्रोत्यांकडे परतवीत असे. आपल्या पूर्वजांचा ध्वनिक्षेपक तो हाच.

विजेच्या साहाय्यानें आवाज दूर नेण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुरू झाले. १८९८ मध्यें ऑलिव्हर लॉज या इंग्रज शास्त्रज्ञानें लोहचुंबकाच्या क्षेत्रांत हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची योजना पेटंट करून घेतली. १९१५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येस अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें, पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनीं तयार केलेल्या यंत्रांतून, नगरभवनासमोर जमलेल्या मोठ्या समुदायानें भाषण व संगीत ऐकिलें. पुढें १९२५ मध्यें चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनीं या यंत्रास आजचें रूप दिलें: एक चुंबक, त्याच्या फटींत मागेंपुढें हलणारें तारेचें वेटोळें, आणि त्यास चिकटविलेला कागदी शंकु. शंभर वर्षें लोटलीं, तरी मूळ तत्त्व तेंच आहे.

आपल्या देशांत या साधनाचा परिचय पुष्कळांस राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावरून झाला. सिंधमधून मुंबईस आलेल्या शिकागो रेडिओ या पेढीचे नानिक मोटवाने यांनीं काँग्रेसच्या सभांस ध्वनिक्षेपक पुरविले. महात्मा गांधींचा आवाज मृदु. सहस्रावधि श्रोत्यांस तो ऐकूं जाण्यास यंत्रावांचून उपाय नव्हता. त्या काळच्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर या पेढीचें नांव आजही वाचतां येतें. १९४२ च्या आंदोलनांत गुप्त काँग्रेस रेडिओच्या प्रकरणीं मोटवाने यांस अटकही झाली होती.

ख्रिस्तसभेनेंही हें साधन परकें मानिलें नाहीं. १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं पोप अकरावे पायस यांनीं स्वतः मार्कोनी यांनीं उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून जगास उद्देशून भाषण केलें. तथापि धर्मग्रामाच्या दृष्टीनें मोठा पालट झाला तो ४ डिसेंबर १९६३ रोजीं, जेव्हां द्वितीय व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींचा आदेश प्रसिद्ध केला. तोंवर वेदीवरील प्रार्थना लॅटिनमध्यें, कांहीं तर हलक्या स्वरांत होत. त्यानंतर मिस्सा मराठींत होऊं लागली. लोकांनीं ऐकावें, समजावें आणि उत्तर द्यावें, अशी अपेक्षा निर्माण झाली. प्रत्येक शब्द सर्वांस ऐकूं येणें ही आतां सोय राहिली नाहीं. तें उपासनेचें अंगच झालें.

याच काळांत आपल्या परिसराचाही कायापालट होत होता. १९४७ नंतर पिंपरीस सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. १९५४ मध्यें हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्यें औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि कारखान्यांची रांग भोसरी-चिंचवडपासून वाढत पुढें चाकणपर्यंत गेली. लेथ, रंधा आणि सोल्डरिंग ज्यांच्या हातांस ठाऊक आहे, अशा लोकांस ध्वनिक्षेपकाची पेटी घरीं तयार करणें अवघड नाहीं. शंकु, चुंबक, तार, सारें पुण्याच्या तपकीर गल्लींत मिळतें. पेटी कां हवी, हें मात्र जाणलें पाहिजे. शंकूच्या पुढच्या व मागच्या बाजूस निघणाऱ्या ध्वनिलहरी परस्परविरुद्ध असतात. त्या एकत्र आल्या तर खर्जाचे स्वर नाहींसे होतात. मागची लहर आवरून धरणें हें पेटीचें मुख्य कार्य. म्हणून फळी जाड असावी, सांधे सरसानें घट्ट बसवावे, आणि कोठेंही फट राहूं देऊं नये.

दोष शोधण्याची रीतही सोपी आहे. दोन ध्वनिक्षेपक लाविले असतां आवाज पोकळ येऊं लागला, तर एकाच्या तारा उलट जोडल्या असण्याचा संभव असतो. दीड व्होल्टची बॅटरी क्षणभर लावून पाहावी. दोहोंचे शंकु एकाच दिशेस हलले पाहिजेत. आवाज खरखरला तर शंकु बोटांनीं हळूच दाबावा. आंत घासल्याचा नाद आला, तर वेटोळें वांकलें आहे किंवा फटींत धूळ शिरली आहे असें समजावें. आठ ओहमचें वेटोळें मीटरवर सुमारें सहा ओहम दाखवितें. कांहींच न दाखविल्यास तार तुटलेली असते. आणि मायक्रोफोन शिट्टी घालूं लागला, तर यंत्रास दोष देण्याआधीं मायक्रोफोन कर्ण्यासमोर तर नाहीं ना, हें पाहावें.

परंतु या परिसरांत एक दोष असा आहे, कीं जो यंत्रांत नसून श्रोत्यांच्या कानांत असतो. प्रेस व फोर्जिंगच्या विभागांत आयुष्य वेंचलेल्या कामगारांची श्रवणशक्ति मंदावते. ती प्रथम उंच स्वरांची जाते. आणि स, श, त, फ, यांसारख्या व्यंजनांची ओळख उंच स्वरांवरच अवलंबून असते. अशा वृद्ध बंधूस आवाज ऐकूं येतो, पण शब्द उमगत नाहीं. त्याच्यासाठीं आवाज वाढविला म्हणजे काम झालें असें आपण समजतों, आणि तो बापडा मान डोलावून गप्प बसतो. त्यास हवी असते ती स्पष्टता: खर्ज किंचित कमी, बोलण्याची गति संथ, आणि ध्वनिक्षेपक त्याच्या जवळ. लंडनच्या सेंट पॉल महामंदिरांत १९५१ मध्यें हेंच केलें गेलें. तेथील घुमटाखालीं शब्द घुमून अस्पष्ट होत असे. तेव्हां आवाज वाढविण्याऐवजीं लांब स्तंभाकार ध्वनिक्षेपक लावून तो आढ्याकडे न जातां लोकांकडेच वळविला गेला.

भिंतीबाहेरच्या शेजाऱ्याचाही विचार केला पाहिजे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई केली. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें मद्रासच्या एका ख्रिस्ती मंडळीच्या खटल्यांत, इतरांची शांति भंग करून प्रार्थना करावी असें कोणताही धर्म सांगत नाहीं, या आशयाचा निर्णय दिला. तो निर्णय आपल्यालाही उद्देशून आहे. शिवाय आपल्या गांवीं कायद्याची रात्र पुरेशी नाहीं. तिसऱ्या पाळीचा कामगार सकाळीं घरीं येतो, तेव्हां त्याची रात्र सुरू होते. आपल्या नोव्हेनाचा कर्णा त्याच्या खिडकीवर रोखलेला असेल, तर आपण शेजारधर्म मोडला.

यंत्र चांगलें तेंच, जें आपल्यास शेवटल्या रांगेंतील म्हाताऱ्याची आठवण देतें आणि भिंतीपलीकडे निजलेल्याची झोप राखतें. येत्या वर्षांत या मंदिरांतील शब्द सर्वांस स्पष्ट ऐकूं यावा, आणि ऐकलेला शब्द आचरणांत उतरावा, अशी प्रभुचरणीं प्रार्थना आहे.