दिनविशेष : १४ एप्रिल
१४ एप्रिल २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा येथील स्टेडियमवर एफसी गोवा या क्लबने कतारच्या अल-रय्यानला ०-० असे बरोबरीत रोखले आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे आशियातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, गटसाखळीत गुण मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला.

या स्पर्धेत गोव्याला प्रवेश २०१९-२० च्या इंडियन सुपर लीगमधील साखळी फेरीत अव्वल राहिल्यामुळे मिळाला होता, आणि या बरोबरीचे मोल त्यातच आहे. कारण साखळीत प्रत्येक संघ इतर सर्वांशी खेळत असल्याने तेथे एका दिवसाच्या नशिबापेक्षा संपूर्ण हंगामाचे सातत्य मोजले जाते. इटलीतील वेरोनासारख्या मध्यम शहराच्या क्लबने १९८५ मध्ये मिलान, तुरीन व रोमच्या बलाढ्य क्लबांना मागे टाकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेही अशाच साखळीतून. २०११ च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाख वस्तीच्या गोव्यातील क्लबने असेच साखळीत अव्वल स्थान मिळवले, ही गोष्ट भोर-वेल्ह्यासारख्या, महानगराबाहेरच्या तालुक्यांत संघ उभारू पाहणाऱ्यांनी आवर्जून अभ्यासावी अशी आहे.

२० एप्रिलला इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने गटसाखळीतील भारतीय क्लबचा पहिला गोल केला. तो सामना गोव्याने १-२ असा गमावला.