निजामाचा उडता व्यापारी

1948 च्या हैदराबाद प्रकरणाची हकिकत आपल्याकडे जमिनीवरची सांगितली जाते. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. सोलापूरहून निघालेल्या फौजेला पहिली लढाई नळदुर्गला द्यावी लागली. या प्रकरणाची आकाशातली बाजू समजून घ्यावयाची तर सिडनी कॉटन या वैमानिकाची ओळख करून घेतली पाहिजे.

कॉटन 1894 साली ऑस्ट्रेलियात जन्मला. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेत वैमानिक होता. विमाने तेव्हा उघडी असत. वैमानिक गारठून जात. एकदा इंजिनाचे काम करता करता तेलाने माखलेल्या कपड्यांनिशीच त्याला उडावे लागले, आणि थंडी बाधली नाही. त्यावरून त्याने वैमानिकांचा ‘सिडकॉट’ पोशाख बनविला. मिस्त्रीच्या कळकट कपड्यांतून निघालेला हा शोध आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना मोलाचा वाटतो.

युद्धानंतर न्यूफाउंडलंडच्या बर्फाळ मुलखात तो विमानातून शिकाऱ्यांसाठी सील प्राण्यांचे कळप हुडकी. 1939 मध्ये खासगी विमानात छुपे कॅमेरे बसवून त्याने जर्मनीची छायाचित्रे घेतली.

1948 मध्ये निजामाला शस्त्रे हवी होती. परंतु संस्थानाला बंदर नव्हते आणि चोहोकडे भारताची हद्द होती. कॉटनने लँकॅस्ट्रियन विमाने मिळविली. लँकॅस्टर या बॉम्बफेकी विमानात फेरफार करून ती प्रवासी व टपाल यांसाठी बनविलेली होती. त्यांतूनच कराचीहून शस्त्रे येऊ लागली. ती बीदर आणि वरंगळला उतरत. बीदर म्हणजे आपला शेजार.

13 सप्टेंबरला फौजा शिरल्या आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. रयतेचा आधार गमावलेल्या सत्तेला विमानांनी आणलेल्या बंदुका तारू शकल्या नाहीत.

आता हिशेब पाहू. विमानवाहतुकीचा कायदा मोडल्याबद्दल कॉटनला इंग्लंडमध्ये 200 पौंड दंड झाला. इकडे रझाकारांच्या जुलमात गावे होरपळली होती. आणि कारवाईनंतर ज्यांनी बंदूक हाती धरली नव्हती अशा गरीब मुसलमानांवर सूड उगविला गेला. सरकारनेच पाठविलेल्या सुंदरलाल समितीने सर्वांत अधिक झळ बसलेले जे चार जिल्हे नोंदविले, त्यांत उस्मानाबाद एक होते. हा अहवाल कित्येक दशके बंद राहिला.

कॉटन 1969 साली वारला. त्याच्या धाडसाच्या कथा वाचाव्यात. पण त्या शस्त्रांची किंमत आपल्या गावांतल्या दोन्ही धर्मांच्या कष्टकऱ्यांनी मोजली, हेही त्यांच्या शेजारी लिहून ठेवावे, एवढेच आमचे मागणे आहे.