बिनतारी लहरी आणि घरातील पेटी

पुण्याहून नाशिककडे जाताना नारायणगावाला अगदी लागून वारूळवाडी आहे. हा मुलूख टोमॅटोसाठी, द्राक्षांसाठी आणि तमाशाच्या फडांसाठी सर्वांना ठाऊक आहे. पण बिनतारी विद्येच्या इतिहासातही त्याला मोठी जागा आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. जुन्नर तालुक्यातल्याच आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र उभे राहिले. त्याला विक्रम साराभाईंचे नाव दिले आहे. आणि पलीकडे खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून निघालेली ती प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. अशा गावांतून हल्ली इतिहासाच्या प्राध्यापकालाही विचारतात, “सर, घरी दोन संगणक आहेत, मुलानं खेळाचं यंत्र आणलंय. राऊटर कोणता घेऊ?” प्रश्न दुकानदाराचा खरा, पण त्याचे उत्तर इतिहासात सापडते, म्हणून आज त्याविषयीच बोलतो.

एक काळ असा होता की बिनतारी यंत्र ही सरकारच्या परवान्याची वस्तू होती. १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून असे यंत्र बाळगणे गुन्हा ठरला. नुसता रेडिओ ऐकायचा तरी पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे. यंत्रही घरोघर नव्हते. पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. पुढे १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने, पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे भरवण्याचा जो प्रयोग झाला, तो याच केंद्रावरून. सगळ्या मंडळात मिळून एक रेडिओ. आठवड्यातून दोनदा सगळे जमायचे, अर्धा तास ऐकायचे आणि मग चर्चा करायची. जे ऐकले त्यावर प्रश्न लिहून पाठवायचे. म्हणजे लहर एकीकडून येई आणि उत्तर पोस्टाने जाई!

आजची पेटी ऐकते आणि बोलतेही. ती एक छोटे प्रक्षेपण केंद्रच आहे. मग तिला परवाना का लागत नाही? कारण २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा पूर्वीपासून उद्योगधंद्यांतील यंत्रांसाठी आणि मायक्रोवेव्ह भट्ट्यांसाठी सोडलेला होता. दळणवळणाच्या दृष्टीने ते जणू पडीक रान. अमेरिकेने १९८५ साली या रानात विनापरवाना संदेश पाठवण्यास मोकळीक दिली. आपल्याकडे ती २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने आली, अर्थात शक्तीची मर्यादा घालून. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आधी घरातल्या घरात वापरापुरती सवलत होती. २०१८ साली ती पुष्कळ वाढवली.

आता गंमत पाहा. घरातली बिनतारी लहर भिंतींवर आपटते, कपाटावर आपटते, आणि एकाच संदेशाचे दहा प्रतिध्वनी मागे-पुढे येऊन पोहोचतात. देवळाच्या गाभाऱ्यात मोठ्याने बोलावे तसे होते. हा गोंधळ निस्तरण्याची एक युक्ती ऑस्ट्रेलियातील सरकारी संशोधन संस्थेत १९९० च्या सुमारास निघाली. त्या गटाचे प्रमुख जॉन ओ’सुलिव्हन हे मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. फुटणाऱ्या लहानग्या कृष्णविवरांची क्षीण लहर ते १९७० च्या दशकात आकाशात शोधत होते. ती काही सापडली नाही. पण विस्कटलेली लहर सावरण्याचे जे गणित हाती आले होते, ते पुढे घरातल्या पेटीला उपयोगी पडले. १९९७ साली या पेट्यांचे पहिले मानक ठरले आणि १९९९ साली ‘वाय-फाय’ हे बाजारी नाव मिळाले. एका माणसाला सारे श्रेय देणे बरे नव्हे. अनेक देशांतले अनेक हात याला लागलेले आहेत. पण खोडदला ज्या विद्येची उपासना चालते तिची ही दूरची नात आहे, एवढे म्हणायला हरकत नाही.

तर पेटी निवडायची कशी? २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची. ती लांब जाते, भिंत बऱ्यापैकी ओलांडते. पण तिथे गर्दी फार. एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच. ५ ची लहर आखूड. वेग जास्त, वाटा पुष्कळ, पण जुन्या वाड्याची हातभर जाडीची दगडमातीची भिंत आली की तिचा दम संपतो. म्हणून दोन्ही पट्ट्यांची पेटी घ्यावी. नुसती ५ वर भिस्त ठेवू नये, याला आणखी एक कारण आहे. जुनी यंत्रे ती लहर ओळखतच नाहीत. २०१३ साली आलेले पहिले प्लेस्टेशन ४ हे चांगले महागडे यंत्र, पण त्याला २.४ खेरीज दुसरे कळत नाही.

खेळाच्या यंत्राला तर सरळ तारच लावावी. खेळात महत्त्व वेगाला नसते, उशीर न होण्याला असते. आणि दोनशे रुपयांची तार तिथे दहा हजारांच्या पेटीला भारी पडते. पेटी लोखंडी कपाटात किंवा पाण्याच्या टाकीआड ठेवू नये. पत्रा लहरीला परतवतो, पाणी तिला पिऊन टाकते. घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावी. आणि बाहेरून येणारी जोडणीच मंद असेल तर कितीही शिंगांची पेटी आणा, विहिरीत नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आता खोडदविषयी. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. त्या इथे आल्या त्याचे एक मोठे कारण म्हणजे डोंगरांच्या आडोशाची इथली लहरींची शांतता. ती दुर्बीण साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते. आपली पेटी २४०० वर बोलते. म्हणजे सरळ भांडण नाही. खरा उपद्रव असतो तो ठिणग्या टाकणाऱ्या वीजतारांचा आणि हलक्या प्रतीच्या वीज-अडॅप्टरचा; त्यांची खरखर खालच्या पट्ट्यांत दूरवर पसरते. ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या दुर्बिणीला १९९८ पासून काही गूढ लहरी ऐकू येत होत्या. २०१५ साली उलगडा झाला, की कोणी तरी स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह भट्टीचे दार ती चालू असतानाच उघडत होते!

तेव्हा पेटीबरोबर आलेला अडॅप्टर जळाला, तर बाजारातला सर्वांत स्वस्त उचलू नका. परीक्षा सोपी आहे, शाळेत मुलांनाही दाखवता येईल. मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर घ्या, दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी काटा ठेवा, आणि रेडिओ अडॅप्टरजवळ न्या. मोठी खरखर उठली आणि दूर नेताच ती विरली, तर ती खरखर त्या अडॅप्टरचीच समजावी.